मोठ्या शिशूत तुकड्या बदलल्या : एवढ्याशा मुलांची मैत्री खरंच मैत्री असते का?

अबोली_दुपारची

नमस्कार मंडळी. धागा चुकीच्या विभागात असेल तर प्रशासकांनी हलवावा.

लेक पावणेपाच वर्षांची. पुण्यात मराठी माध्यमाच्या एका बालवाडीत जाते. छोट्या शिशूत घातली तेव्हा गणपतीपर्यंत रोज रडारड होती. मग एका मुलीशी गट्टी जमली आणि गाडी अशी रुळावर आली की रविवारीसुद्धा गणवेश घालून बसायची. आता जूनमध्ये मोठा शिशू सुरू झाला तर शाळेने सगळ्या तुकड्या मोडून नव्याने पाडल्या. मैत्रीण शेजारच्या वर्गात गेली. दोन्ही वर्गांची डब्याची सुट्टीही वेगळी.

रडत नाही ती. पण "आज कुणाशी खेळलीस?" विचारलं की "खांबाशी" म्हणते. व्हरांड्यात एक खांब आहे, त्याला धरून गोल फिरते म्हणे.

शाळेत विचारलं तर "दरवर्षीच करतो, मुलं रुळतात" एवढंच उत्तर. नवरा म्हणतो पंधरा दिवसांत विसरेल. सासूबाई म्हणतात, पोरांच्या मैत्रिणींसाठी आईबापांनी शाळेत खेटे घालायचे ही नवीनच तऱ्हा.

तर या वयातली मैत्री खरी असते का, की आपणच तिला मोठं करतो? अशा तुकड्या बदलणं पटतं का तुम्हाला? आणि तुमच्या पोरांनी बालवाडीत दोस्त कसे जमवले तेही लिहा.

उनाडटप्पू

खांब हा आदर्श मित्र. डबा मागत नाही, कट्टी घेत नाही, वाढदिवसाला रिटर्न गिफ्टची अपेक्षा ठेवत नाही.

कुरडई

हसून हसून पुरेवाट, उनाडटप्पू!

अबोली, आमच्याकडेही दरवर्षी तुकड्या बदलतात. पहिल्या वर्षी मीही तणतणत शाळेत गेले होते. दिवाळीपर्यंत लेकाचं नवीन टोळकं तयार. खरं तर त्याचे सगळ्यात पक्के दोस्त वर्गातले नाहीतच, व्हॅनमधले आहेत. काकांच्या शेजारची पुढची सीट कुणाला यावरून रोज रणकंदन, आणि सुट्टीच्या दिवशी आठवण पुन्हा त्याच पोरांची.

तर्कट

कडू बोलतो, राग मानू नये. चार-पाच वर्षांच्या पोरांची मैत्री वगैरे काही नसते, सोबत असते. आज ज्याच्याकडे लाल बाटली तो बेस्ट फ्रेंड, उद्या ज्याच्या बुटात लाइट लागतो तो. मैत्रीला आठवण लागते, भरवसा लागतो, एखादं गुपित पोटात ठेवता यावं लागतं. ते दुसरी-तिसरीच्या पुढे. आपण मोठी माणसं आपली एकटेपणाची भीती पोरांच्या दप्तरात भरून पाठवतो. थोडं थांबा, खांबही विसरेल ती.

काटेसावर

तर्कट, दप्तराचं वाक्य झकास, पण पटलं नाही. माझ्या मुलाचा मित्र सोलापूरला राहायला गेला तेव्हा हा साडेतीनचा होता. पुढे कित्येक महिने घरात काही गोडधोड केलं की "त्याला ठेव" म्हणायचा. ही आठवण नाही तर काय?

शेवंता_टीचर

मी बालवाडीत शिकवते, म्हणून जरा लांबण लावते.

तुकड्या बदलण्यामागे कारणं असतात, फक्त शाळा ती पालकांना सांगत नाहीत. एका वर्गात सगळी वर्षाच्या शेवटी जन्मलेली लहानगी आणि दुसऱ्यात सगळी सुरुवातीला जन्मलेली दांडगी जमली की ताईंचे हाल. काही जोड्या अशा असतात की एकीने बोलायचं आणि दुसरीने फक्त मान हलवायची. तहान लागली तरी "ताई, हिला पाणी पाहिजे" हे मैत्रीणच सांगणार. अशा दोघी वेगळ्या झाल्या की त्या दुसरीचा आवाज आम्हाला पहिल्यांदा ऐकू येतो. शिवाय खरं सांगू का? कधीकधी मुलांच्या नव्हे, पालकांच्या कंपूंमुळे तुकड्या मोडाव्या लागतात.

पण सगळ्याच्या सगळ्या मुलांना पत्त्यांसारखं पिसायचं हे मलाही मान्य नाही. आम्ही ताईंनी आपसांत ठरवून घेतलंय, नव्या वर्गात प्रत्येक मुलाला निदान एक ओळखीचा चेहरा दिसला पाहिजे. आणि जोडी फोडलीच तर दोन्ही वर्गांची मैदानाची वेळ एक ठेवायची. अबोलीताई, एवढं तरी पालकसभेत मागा.

आता मैत्रीचं. "जा, मैत्री कर" म्हणून या वयात ती होत नाही. एकाच उद्योगाला दोघं लागली की होते. मागच्या वर्षी बाहुलीच्या कोपऱ्यात तिघाचौघांचा दवाखाना चालला होता. एक मुलगी आली. "मी खेळू?" "नाही." थोड्या वेळाने परत, "मला घ्या ना." "आमच्यात जागा नाहीये." मी उठणारच होते, पण म्हटलं बघू. ती बाजूला उभी राहून बघत राहिली. मग भातुकलीतली वाटी घेतली, त्यात चार मणी टाकले, आणि चमच्याने ढवळत सरळ आत शिरली. "पेशंटची पेज आणलीये. गरम आहे." डॉक्टर मान वर न करता म्हणाले, "तिथे ठेवा, मावशी." झालं! दुसऱ्या दिवशी मावशी आल्याशिवाय दवाखाना उघडेना.

कुरडई

"तिथे ठेवा, मावशी"!! डॉक्टरांचं भवितव्य उज्ज्वल आहे.

पुस्तकपाणी

शेवंताताई, पेजवालीने जे केलं ते एका अभ्यासकाने फार बारकाईने टिपलंय. विल्यम कोर्सारो नावाचे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ. अमेरिकेतल्या आणि इटलीतल्या बालवाड्यांमध्ये मुलांबरोबर जमिनीवर बसून त्यांनी निरीक्षणं केली. मोठी माणसं जशी "काय करताय रे?" म्हणत घुसतात तसं करायचं नाही, खेळाच्या जागी जाऊन नुसतं बसायचं आणि मुलं बोलावतील तेव्हा बोलायचं, ही त्यांची रीत. मुलं त्यांना "बिग बिल" म्हणायची.

त्यांना दिसलं ते असं. "मी खेळू का?" असं थेट विचारणाऱ्याला बऱ्याचदा नकार मिळतो. जो आधी बघतो, कुठला खेळ रंगलाय ते ओळखतो आणि त्यात बसेल असं काहीतरी करत शिरतो, त्याला सहज सामावून घेतात. आणि नकार देणारी मुलं काही दुष्ट नसतात. त्या वयाचा खेळ फार नाजूक. एक नवं मूल आलं की कोण डॉक्टर, कोण पेशंट, सगळं पुन्हा ठरवावं लागतं, नाहीतर डाव मोडतो. म्हणून ती जमलेला खेळ राखत असतात.

आणि आपण घरून काय पढवून पाठवतो? "नीट विचारायचं हं, मी खेळू का म्हणून!"

आता तर्कटांसाठी. मिल्ड्रेड पार्टेन यांचा १९३२ सालचा गाजलेला अभ्यास आहे, अमेरिकेत मिनेसोटामधला. बालवाडीच्या वयाची मुलं कशी खेळतात याचे त्यांनी प्रकार पाडले. एकट्याने खेळणं, नुसतं बघणं, शेजारी शेजारी बसून आपापलं खेळणं, मग एकमेकांत मिसळणं, आणि शेवटी कामं वाटून घेऊन ठरवून खेळणं. वय वाढतं तसे शेवटचे दोन प्रकार वाढतात. पुढच्या संशोधकांनी त्यात एक दुरुस्ती केली. शेजारी बसून आपापलं खेळणं ही मागे पडणारी पायरी नाही, मोठी मुलंसुद्धा दुसऱ्यांच्या खेळात शिरताना तीच वापरतात. आधी शेजारी बसायचं, मग हळूच आत. तेव्हा अबोली, त्या खांबापासून मैदान दिसत असेल तर लेकीचं बघण्याचं काम चालू असेल. लगेच काळजी करू नका.

उनाडटप्पू

म्हणजे ऑफिसातला नवीन माणूस टपरीवर कोपऱ्यात उभा राहून मोबाइल बघतो आणि एक दिवस अचानक "कटिंग किती सांगू?" विचारतो, तेच की.

तर्कट

पेज आवडली. पण हे खेळात शिरायचं कसब झालं. मैत्री कुठे आली? माझा मुद्दा कायम.

बव्हेरियन_मिसळ

म्युनिकहून. किंडरगार्टन हे नाव फ्र्योबेल या शिक्षणतज्ज्ञाने १८४० साली दिलं ते याच देशात, आणि इथे अजूनही त्याला कुणी शाळा म्हणत नाही. अक्षरं, अंक यांची घाई नाही. बहुतेक ठिकाणी तीन ते सहाची मुलं एकाच गटात असतात. दर उन्हाळ्यात मोठी मुलं शाळेत जातात आणि नवी छोटी येतात, मधली तिथेच. त्यामुळे अबोली म्हणतेय तशी तुकडी फुटण्याचा प्रश्नच येत नाही. उलट गेल्या वर्षीचं शेंबडं पोर यंदा नव्याला कोट कुठे टांगायचा ते दाखवत असतं.

सुरुवातीला आई किंवा बाबाने वर्गात मुलासोबत बसायचं. बर्लिन पद्धत म्हणतात त्यात पहिले तीन दिवस मुलाला सोडून जायचंच नाही. चौथ्या दिवशी पहिल्यांदा थोडा वेळ बाहेर. मूल सावरलं नाही तर पुन्हा आत. आधी तिथल्या ताईवर भरवसा बसू दे, मग बाकीच्या मुलांकडे ते आपोआप बघेल, असा हिशोब. नवऱ्याने रजा टाकली होती. वीतभर खुर्चीत गुडघे हनुवटीला लावून बसायचा.

लेकाला तेव्हा जर्मनचा गंध नव्हता. पहिला दोस्त मिळाला वाळूच्या हौदात. एकाने बादलीने पाणी ओतून नदी करायची, दुसऱ्याने बांध फोडायचा. नदी फुटली की दोघंही चिखलात बसून खिदळणार. "नोखमाल", म्हणजे पुन्हा एकदा, हा माझ्या मुलाचा पहिला जर्मन शब्द. आणि तो सोनेरी केसांचा पोरगा बांध फोडताना "धप्प!" म्हणायला लागला, अगदी आपला धप्प.

एक गंमत. वाढदिवसाला जितकं वय तितकेच पाहुणे, असा इथे साधारण रिवाज. चार वर्षांचा झाला तर चारच मुलं. सोसायटीभर निमंत्रण देणाऱ्या घरातून आलेली मी, मला धक्काच बसला.

कुरडई

हे आपल्याकडे आणा कुणीतरी! इथे अख्खा वर्ग, वर व्हॅन, वर इमारत. रिटर्न गिफ्ट म्हणून मागच्या महिन्यात आमच्याकडे एकसारख्या कंपासपेट्या जमल्यात, पोराला अजून पेन्सिल धरता येत नाही.

पुस्तकपाणी

चारच पाहुण्यांची दुसरी बाजूही आहे हं. पाचवा कोण राहिला ते सगळ्या वर्गाला कळतं.

बव्हेरियन_मिसळ

हो, होतं तसं. म्हणून निमंत्रणं मुलांच्या हातात न देता आमच्याकडे कोटाच्या खुंटीखालच्या खणात गुपचूप ठेवायची असतात. तरी फुटतं.

हळदीचं_शेत

माझी आई अंगणवाडी सेविका, सांगली जिल्ह्यात. जर्मनीचं वाचून हसू आलं, कारण तीन ते सहाची पोरं एका खोलीत हे आमच्याकडे कायमचंच आहे. फक्त कारण वेगळं, खोलीच एक आहे!

पण त्याचा फायदा आहे. बरीचशी पोरं थोरल्या भावाचं नाहीतर चुलतबहिणीचं बोट धरून येतात. खेळात बारक्यांना लिंबूटिंबू करून घेतात. म्हणजे तो सगळ्यांबरोबर पळणार, पण आऊट होणार नाही, त्याच्यावर राज्य येणार नाही. कुणी शिकवत नाही हे, पोरंच ठरवतात. खाऊ सगळ्यांना एकच, खिचडी नाहीतर उसळ, म्हणून कुणाच्या डब्यात काय यावरून चढाओढ नाही.

दिवाळीच्या आसपास ऊसतोडणीच्या टोळ्या येतात, मराठवाड्यातून. अड्ड्यावरची काही पोरं आई अंगणवाडीत घेऊन येते. पहिले काही दिवस ती दाराजवळच बसतात, बोलायचं तर लांबच. एका वर्षी असा एक पोरगा होता, अजिबात तोंड उघडत नव्हता. आईने चिखल मळून सगळ्यांपुढे ठेवला. या पोरानं बैल केला. नुसता बैल नाही, वशिंड, शिंगं, मानेवर काडीचं जू, सगळं जागच्या जागी. बैलांच्या पायाशीच वाढलेला तो! गावातली पोरं त्याच्याभोवती गोळा. "मला पण करून दे." त्यानं दिला नाही करून. दुसऱ्याच्या हातातला गोळा घेतला, शिंग कसं ओढायचं ते दाखवलं आणि परत दिला. तिथून पुढं तो दाराजवळ बसला नाही.

पट्टा पडला, म्हणजे साखर कारखान्याचा हंगाम संपला, की टोळी जाते. पुढच्या वर्षी तेच कुटुंब येईल याचा काही नेम नाही. तरी पावसाळा सरला की आईला पोरं विचारतात, "बाई, टोळी कवा येणार?"

तर्कटदादा, याला सोबत म्हणा नाहीतर काहीही म्हणा.

चिकूवाडी

हळदीचं_शेत, फार छान लिहिलंत.

अंगणवाडीचं मूळ आमच्या डहाणूकडचं. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला आल्या, अनुताई वाघही त्याच सुमारास त्यांना येऊन मिळाल्या. वस्तीवरची पोरं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. खेळणी म्हणजे शिंपले, बिया, खडे, पानं. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वारली पाड्यांतली मोठी पोरं शाळेत येत नव्हती, कारण कडेवर धाकटं भावंड. मग पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच आवारात, ती विकासवाडी. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा. सरकारची एकात्मिक बालविकास योजना पुढे २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर गेली.

हे सांगायचं कारण, त्या पोरांना एकमेकांची ओळख करून द्यावी लागत नव्हती. पाडा एक, विहीर एक, जंगलातली करवंदं एक. ओळखीचं सगळं गणगोत घेऊनच ती बालवाडीत यायची. आता शहरात आपण तीन वर्षांचं पोर तीसेक अनोळखी पोरांत सोडतो, दोन-तीन तासांनी व्हॅनमध्ये घालून परत आणतो, त्यातही निम्मा वेळ अक्षरं गिरवण्यात जातो, आणि आठवड्याने विचारतो, "फ्रेंड झाला का?" होणार कधी?

म्हापशेंकार

आमच्या भुरग्याच्या वर्गात कोंकणी, मराठी, हिंदी, कानडी असं सगळं कडबोळं. ताई इंग्रजीत सांगतात ते निम्म्यांना कळत नाही. पोराचा जिगरी दोस्त घरात कानडी बोलतो. दोघं एकमेकांशी कुठल्या भाषेत बोलतात देव जाणे, बहुतेक ट्रॅक्टरच्या आवाजात.

अबोली_दुपारची

सगळ्यांचे आभार. खांबापासून मैदान दिसतं, मी मुद्दाम जाऊन उभी राहिले तिथे! पालकसभा पुढच्या आठवड्यात आहे, मैदानाची वेळ मागणार आहे.

एक उपप्रश्न. आमच्या शाळेत डबा वाटून खायचा नाही असा नियम आहे. बाकीच्यांकडे?

कुरडई

आमच्याकडेही. ॲलर्जीमुळे म्हणतात, आणि एका मुलाला शेंगदाण्याचा खरंच त्रास आहे, म्हणून कुणी कुरकुर करत नाही. पण माझ्या लहानपणी सगळं राजकारण डब्यावर चालायचं. आईने वाटली डाळ दिली की त्या दिवशी मी वर्गाची राणी.

उनाडटप्पू

वाटली डाळ चतुर्दशीलाच करायची असते, शाळेच्या डब्यात कुठून आली?

कुरडई

आमच्याकडे मनाला येईल तेव्हा करतात. धागा काढा वेगळा.

शेवंता_टीचर

वाटून खाऊ द्यायचं नसेल तर महिन्यातून एकदा सगळ्यांनी मिळून भेळ करायची. कुणी टोमॅटो हाताने कुस्करायचे, कुणी चुरमुरे ओतायचे. शेंगदाणे वगळून, आणि आणखी कुणाला कशाचा त्रास आहे ते आधी विचारून. काकडी किसणाऱ्या दोघांचं त्या दिवशी गूळपीठ होतंच.

काटेसावर

इतका वेळ लिहू की नको करत होते. वर ज्या मुलाचं लिहिलं त्याच्या धाकट्या भावाबद्दल. तो ढकलतो. मुद्दाम मारत नाही, पण कुणाशी खेळायचं असलं की जाऊन धक्का देतो. बोलायला उशिरा लागलाय, चौथ्या वर्षीही वाक्य पूर्ण होईपर्यंत समोरचा निघून जातो. वर्गाच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकीने नाव न घेता लिहिलं, "आपापल्या मुलांना सांगा, काही मुलांपासून लांब राहायला." खाली अंगठ्यांची रांग. दुसऱ्या दिवसापासून पोरं त्याला बघून खरंच लांब सरकायला लागली. चार वर्षांच्या पोरांना हे आपणहून सुचत नाही. शाळेत सांगितलं तर ग्रुप आमचा नाही म्हणाले.

तुकड्या बदलायला माझी काही हरकत नाही. बदला. त्याला कोरी पाटी मिळेल.

बव्हेरियन_मिसळ

काटेसावर, वाचून वाईट वाटलं. स्पीच थेरपी चालू आहे ना?

काटेसावर

हो, सुरू आहे. फरक पडतोय, हळूहळू.

शेवंता_टीचर

काटेसावरताई, धक्का म्हणजे पुष्कळदा "मला पण घ्या" हेच असतं. तोंडातून निघत नाही तेव्हा हात पुढे जातो. आम्ही अशा मुलाला दोघांशिवाय न होणारी कामं देतो. सतरंजीची घडी, पाण्याची बादली दोन्हीकडून धरून नेणं, मोठ्या टोपलीतले ठोकळे आत ठेवणं. यात बोलावं लागत नाही, पण दुसऱ्याकडे बघावं लागतं. जोडीदार मी निवडते, रोज वेगळा नाही, आठवडाभर तोच. थोड्याच दिवसांत तो जोडीदारच सांगायला येतो, "ताई, तो ढकलत नाहीये, त्याला गाडी पाहिजे."

आणि वर्गात एक गोष्ट मी चालू देत नाही. "आत्ता जागा नाही, मग ये" हे मुलांनी म्हटलं तर ठीक, खेळ त्यांचा आहे. "तू कधीच नाही" म्हटलं की मी तिथे जाऊन बसते. कोर्सारोंचं खरं आहे, मुलं खेळ राखतात. पण एकाच मुलाला सगळे रोज नकार देत असतील तर ते खेळ राखणं नाही, तिथे मोठ्या माणसाने पडायलाच हवं. त्या ग्रुपबद्दल तुमच्या ताईंशी एकटीने बोला, मुख्याध्यापकांच्या आधी. वर्गात काय करायचं ते त्यांच्या हातात आहे.

तर्कट

पाचव्या वर्षी मैत्री नसते यावर मी ठाम आहे. पण त्या अंगठेवाल्यांना तरी ती पस्तिसाव्या वर्षी कळलेली दिसत नाही. काटेसावर, तुमचं पोर जिथे असेल तिथे त्याला एक सतरंजी मिळो.

पुस्तकपाणी

तर्कट चक्क आशीर्वाद देतायत. स्क्रीनशॉट घेऊन ठेवला आहे.

अबोली_दुपारची

पालकसभा झाली. मैदानाची वेळ रोज एक करता येणार नाही म्हणाले, मैदान लहान आहे. शुक्रवारचा दिवस मिळाला, दोन्ही वर्ग एकत्र. पहिल्याच शुक्रवारी फजिती. जुनी मैत्रीण नव्या मैत्रिणीचा हात धरून आली. लेक घरी येऊन फुगून बसली. रात्री निकाल जाहीर झाला, "तिच्याशी कट्टी, तिच्या मैत्रिणीशी बट्टी." आता यात मी काय मध्यस्थी करणार? केली नाही. पुढच्या शुक्रवारी तिघी घसरगुंडीवर होत्या, आणि भांडत होत्या.

शेवंताताई, तुमची सतरंजी मी आमच्या ताईंना सांगितली. त्यांनी लगेच लावून धरलं, डबा झाला की घड्या. लेकीच्या वाट्याला एक मुलगा आलाय. परवा विचारलं, "आज कुणाशी खेळलीस?" तर म्हणे, "दुसऱ्या टोकाशी." नाव विचारलं तर माहीत नाही. पण त्याला दोन कुत्री आहेत, त्याची आजी पडली, आणि त्याला उजवं-डावं कळत नाही म्हणून घडी उलटी होते, हे सगळं माहीत आहे.

तुकड्या बदलण्याबद्दल माझं मत मात्र बदललेलं नाही. पुढच्या वर्षी बदलणार असतील तर आधी सांगा आणि ओळखीची जोडी ठेवा, असं लेखी दिलंय. पंधरा-वीस पालकांनी सह्या केल्या.

हळदीचं_शेत

आजी पडली हे माहीत आहे म्हणजे झाली की मैत्री. आमच्याकडे मोठ्या माणसांची याहून जास्त नसते.

उनाडटप्पू

आमच्या घरी चादरीची घडी घालताना दुसरं टोक कायम मॅच बघत असतं, असं बायको आत्ताच खांद्यावरून वाचून म्हणाली.

नवी_पालवी

सगळा धागा वाचला, खूप उपयोग झाला. माझा मुलगा पुढच्या जूनमध्ये अडीच वर्षांचा होईल. नर्सरीत घालू का? घरात एकटाच आहे, मुलांची सवय होईल म्हणून विचार चाललाय.

शेवंता_टीचर

नर्सरीला नको. २०२० च्या शैक्षणिक धोरणातही तीन वर्षांपासूनच धरलंय, आणि पहिलीला सहा पूर्ण. अडीचच्या मुलाला तीस जणांची गरज नसते. बागेत रोज एकाच वेळी जा, तीच दोन-तीन मुलं भेटतील असं बघा. खेळणी एकासारखी दोन न्या, फावडी असतील तर उत्तम.

तर्कट

फावडी दोन नेलीत तरी दोघांना एकच पाहिजे असतं.

नवी_पालवी

:-) आणि सोसायटीतच तासाभराचा प्लेग्रुप सुरू होतोय, तो चालेल का? फी किती असावी साधारण?

पुस्तकपाणी

त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे अवांतर होईल.

कुरडई

अवांतर? वर वाटली डाळ झालीये.